रविवारची साक्ष आणि सोमवारची शाळा

चुलतभावाच्या पोरीनं दिवाळीच्या सुट्टीनंतर खुंटीवरचं दप्तर काढलंच नाही. आठवीतली पोर. आईनं विचारलं, का गं? पोट दुखतंय. बापानं विचारलं, का गं? डोकं दुखतंय. चार दिवसांनी आजी तिच्याजवळ जाऊन झोपली तेव्हा अंधारात पोर बोलली. "मोरीवर ते बसत्यात, आजे."

मोरी म्हणजे आमच्या वस्तीतून शाळेकडं जाताना पाटाच्या चारीवरचा सिमेंटचा पूल. बैलगाडी जाईल एवढाच. वस्ती ते शाळा बाराशे पावलं, मी मोजलीत. त्यातली सहाशे आपल्या माणसांतली, मग मोरी, मग दोन्हीकडं डोक्याच्या वर ऊस, मग डांबरी, मग शाळा. आणि 'ते' म्हणजे कोण हे गावात कुणी विचारत नाही. ज्यांच्या बापाच्या उसाला चारीचं पाणी आधी मिळतं ते. दोन मोटरसायकली, चार पोरं, तोंडात मावा. पोरी जवळ आल्या की मोबाईल वर करायचा. ओढणीला हात घातला तो एकदाच. एकदा पुरतो.

दोस्तहो, शाळेच्या सुरक्षिततेवर बोलायचं म्हटलं की आपले शिकलेले लोक कंपाऊंडपासून सुरुवात करतात. भिंत किती फूट, कॅमेरे किती, गेटवर वॉचमन आहे का. मी मोरीपासून सुरुवात करतो. पोरगी गेटापर्यंत पोचली तर तुमची भिंत तिच्या कामाची.

हा चुलतभाऊ ख्रिस्ती. मी बौद्ध. पणजोबा एकच. १८७६-७७ च्या दुष्काळात आणि त्याच्या मागून नगर जिल्ह्यातली महारा-मांगांची पुष्कळ घरं मिशनकडं गेली. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. मी सवयीनं नगर लिहितो.) भाकरीसाठी बाटले, असं गाव म्हणतं. बाटले तर बाटले. उपाशी माणूस भाकरीकडं नाही जाणार तर काय गीतेकडं जाईल? आणि नुसती भाकरी नव्हती, पाटी पण होती. आमच्यातली एक पाती तिकडं गेली. दुसरी राहिली ती १९५६ ला बाबासाहेबांच्या मागं गेली. आडनाव तेच, नाकडोळे तेच, बांधावरची भांडणंही तीच. वस्तीत देऊळ आणि विहार यांच्यात पन्नास पावलं. (आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात, पुण्या-मुंबईच्या वाचकानं गोंधळू नये.) नाताळाला त्यांचा भोंगा, चौदा एप्रिलला आमचा. एकमेकांच्या भोंग्याविरुद्ध पोलिसात अर्ज देण्यापर्यंत आमची प्रगती झालेली आहे.

मी आणि भाऊ आधी देवळात गेलो. रविवारची उपासना नुकती सुटलेली. पंचकमिटीची माणसं सतरंज्या गुंडाळत होती. पाळकसाहेब चांगला माणूस, शिकलेला. सगळं ऐकून घेतलं. डोळे मिटून प्रार्थना केली. पोरीसाठी केली, मोरीवरच्या पोरांसाठी पण केली, त्यांना सद्बुद्धी मिळो. मग म्हणाले, "आपण मूठभर. गावाशी वाकडं घेऊन कसं चालेल? आधीच लोक आपल्याकडं धर्मांतर करणारे म्हणून बघतात." ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. प्रार्थना चालू असताना दार लाथेनं उघडून आत येणारी टोळकी या देशात आहेत. पण एक पंच सतरंजी खांद्यावर घेऊन जाता जाता बोलला ते मात्र मला लागलं. "शाळा झेडपीची. आपल्या मिशनची असती तर बघितलं असतं."

तिथनं विहारात. मंडळाचा अध्यक्ष माझ्याच वयाचा. एका मोर्चात दोघांनी लाठ्या खाल्लेल्या. तो म्हणाला, "पोरगी त्यांची. त्यांना परदेशातनं येतंय, त्यांनी बघावं."

मी म्हणालो, अरे, तुझी पोरगी त्याच वाटेनं जाते की.

"माझी गाडीवर जाती. मी सोडतो."

बघा. ज्याच्याकडं गाडी, त्याची पोरगी सुरक्षित. बाकीच्यांनी पोट दुखतंय म्हणून घरी बसावं. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते काय फक्त गाडीवाल्यांच्या पोरांना?

आता मी दोघांनाही विचारणार आहे आणि शब्द मऊ करणार नाही.

देवळात एक पद्धत आहे. उपासनेत माणूस उभा राहतो आणि साक्ष देतो. मला दारूतनं सोडवलं, माझं लेकरू दवाखान्यातनं परत आणलं, असं. लहानपणी चुलत्यांबरोबर मी जायचो तेव्हा मला ते फार आवडायचं. सही न येणारी बाई भरलेल्या देवळात उभी राहून स्वतःच्या तोंडानं स्वतःची गोष्ट सांगायची. ही लहान गोष्ट नाही. आमच्यातल्या लिहिणाऱ्यांना तेवढं धाडस यायला किती वर्षं गेली. आणि विहारात आम्ही पंचशील म्हणतो. चौथं शील काय? खोटं बोलणार नाही. दर पौर्णिमेला म्हणतो, पांढरे कपडे घालून.

मग खर्ड्याचं काय?

खर्डा कुठं परदेशात नाही. आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा दलित पोरगा. वरच्या जातीतल्या पोरीशी बोलतो एवढाच संशय. त्याला शाळेतच धरला, मारला, बाहेर नेला, आणि शेवटी त्याचं प्रेत झाडाला लटकलेलं सापडलं. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे, मी इथं वापरत नाही, त्याच्या आईबापांनी ते पुष्कळ वापरताना ऐकलंय. शाळा होती, दिवस होता, माणसं होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले, त्यात शाळेतले पण होते. त्या दिवशी शाळेला वीट कमी पडली नव्हती. माणूस कमी पडला. साडेतीन वर्षांनी कोर्टात पुन्हा माणूसच कमी पडला.

पाळकसाहेब, साक्ष हा शब्द तुमचा आहे. रविवारी देवळात ती देताना कुणी पाणी तोडत नाही, कुणी कामावरून काढत नाही. सोमवारी पोलीस ठाण्यात द्या. भंतेजी, मुसावादा हा शब्द आमचा आहे. डोळ्यांनी बघून 'मी तिथं नव्हतो' म्हणणारा उपासक शील मोडतो की नाही, एकदा विहारात उघड सांगा. ज्या शाळेत झालेलं बघून सांगायला एक माणूस उभा राहत नाही, तिथं शंभर कॅमेरे लावा. कॅमेऱ्याला गावात घर नसतं म्हणून तो फितूर होत नाही म्हणता? त्याची वायर काढायला कितीसा वेळ लागतो?

वाटेवरची जोखीम आपल्याला नवी नाही. १८४८ पासून पुण्यात सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की लोक शेण आणि चिखल मारायचे. त्या दुसरं लुगडं जवळ ठेवायच्या. लहुजी वस्तादांच्या तालमीतली पोरं वाटेवर राखणीला असायची, ही आठवण मांगवाड्यांत अजून सांगतात. लहुजींनी भिंत बांधून नाही दिली. भिंतीला ते कुठून पैसे आणणार? पोरं उभी केली.

आणि मिशन त्यात नव्हतं असं कुणी समजू नये. अमेरिकन मिशन नगरात १८३१ पासून. मिस फरार बाईंची मुलींची शाळा जोतीरावांनी नगरात बघितली आणि पुण्यात जाऊन काढली. सावित्रीबाई शिक्षिका म्हणून तयार झाल्या त्यातला काही भाग याच फरार बाईंकडं. जोतीरावांच्या शाळेतली मांगाची पोर मुक्ता साळवे, वय चौदाच्या आसपास. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला तो १८५५ साली छापला कुणी? ज्ञानोदयानं. मिशनचं पत्र, १८४२ ला नगरातनंच सुरू झालेलं. म्हणजे माळ्याची शाळा, मांगाची पोरगी, मांगाचीच राखण आणि छापखाना ख्रिस्त्यांचा. आपण आज पन्नास पावलं ओलांडू शकत नाही आणि मुक्ताची जयंती मात्र दोघंही वेगवेगळा हार घालून करायला तयार.

असो. मोरीकडं येतो.

पुरुषांच्या बैठका झाल्या. तीन झाल्या. चौथीला चहा कुणी सांगायचा यावर वाद झाला. त्या दिवशी रात्री भावाची आई, माझी चुलती, सत्तरीची म्हातारी, म्हणाली, "म्या बसते मोरीवर. माजं काय ओढत्यात बगू." दुसऱ्या दिवशी साडेनऊला ती गोधडीचं बोचकं घेऊन मोरीवर जाऊन बसली. आमच्या बाजूची एक मावशी रानात चालली होती. भोंग्याच्या अर्जापासून दोघी बोलत नव्हत्या. मावशीनं विचारलं, "हितं का गं बसलीस?" चुलती म्हणाली, "ऊन खाती." मावशीला कळलं. ती पण टेकली. आठवड्यात चार झाल्या, दोन देवळाच्या, दोन विहाराच्या. सकाळी तासभर, शाळा सुटताना तासभर. कुणी मेथी निवडतंय, कुणी मिश्री लावतंय.

पोरं पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी गाड्या लांब लावल्या. पाचव्या दिवशी एकाचा बाप आला. गावाची बदनामी करता काय, कुणी बसवलं तुम्हाला, म्हणून आवाज चढवला. चुलती उठली नाही. दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "तुज्या आईचं बाळंतपण म्या केलंय. तू पायाळू. या हातात पयला आलास. ओरडतो कुणावर?" बाप गेला. मी रोज ही गोष्ट लोकांना सांगतो आणि लोक टाळ्या देतात. पण त्यानंतरच्या आठवड्यात मावशीला त्या घरची खुरपणी मिळाली नाही हे मी सांगतो तेव्हा टाळी येत नाही.

पोरगी नाताळाची सुट्टी संपल्यावर शाळेत गेली. एकटी नाही, अकरा जणी मिळून. त्यातल्या तिघींचे आईबाप ऊसतोडीला. कोयता घेऊन दिवाळीत गेलेले, पाडव्याच्या सुमाराला येतील. या तिघींना काही झालं असतं तर कुणाच्या कानावर गेलं असतं? त्यांनी शाळा सोडली असती तर हजेरीत एक टिंब पडलं असतं, बस.

या तिघींवरून मला लिटल रॉक आठवतं. आपण पँथर हे नाव ज्या देशातनं घेतलं तिथलंच आहे. १९५७ साल, अर्कान्सास राज्य. नऊ काळी पोरं पहिल्यांदा गोऱ्यांच्या हायस्कुलात जाणार होती. कोर्टाचा हुकूम होता, पण राज्याच्या गव्हर्नरनं शाळेभोवती सैनिक उभे केले, पोरांना अडवायला. बाहेर गोऱ्यांचा जमाव. काळ्यांची पुढारी डेझी बेट्स. तिनं आदल्या रात्री एका गोऱ्या पाळकाला फोन केला. डनबार ऑग्डेन त्याचं नाव. शहरातल्या पाळकांच्या संघाचा तो अध्यक्ष. उद्या पोरांबरोबर चाला, म्हणाली. त्यानं आणखी पाळकांना विचारून बघितलं. बहुतेकांनी अंग काढलं. त्यांची कारणं मला पाठ आहेत, आमच्या पंचांचीच ती. ४ सप्टेंबरच्या सकाळी शहरभर एवढी देवळं असून पाळक आले ते बोटांवर मोजण्याएवढे, काही काळे, काही गोरे. ज्या पोरांना निरोप पोचला ती त्यांच्याबरोबर चालत गेली.

एलिझाबेथ एकफर्डला निरोप पोचला नाही. तिच्या घरी फोन नव्हता. पंधरा वर्षांची पोरगी, अंगावर नवा झगा, एकटी त्या जमावातनं चालत गेली. मागं ओरडणाऱ्या बाया. तो फोटो जगभर छापला गेला. तुम्हीही बघितला असेल. मला फोटोपेक्षा तो न पोचलेला निरोप जास्त टोचतो. चांगली माणसं एकत्र आली, वाट ठरली, वेळ ठरली, आणि जिच्या घरी फोन नाही तीच राहून गेली. आमच्या तिघी ऊसतोडीवाल्यांच्या. गेल्या आठवड्यात शाळेची वेळ बदलली तेव्हा शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. या तिघींच्या घरी मोबाईल आईबापांबरोबर कारखान्यावर. पोरी तासभर आधी निघाल्या. मोरीवर कुणी नव्हतं.

त्या ऑग्डेनला पुढं ते देऊळ सोडावं लागलं. चालण्याची किंमत पडते. म्हणून तर ती चालण्यात मोजायची, प्रार्थनेत नाही.

पुढं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी फौज पाठवली. पोरांना जिन्यावरनं, व्हरांड्यातनं सैनिक सोबत मिळाला. पण संडासात सैनिक जात नव्हता, कपडे बदलायच्या खोलीत जात नव्हता. तिथं गोऱ्या पोरांनी त्यांना गाठलं, मारलं, ढकललं. वर्षभर. म्हणजे वाट मोकळी झाली तरी शाळेचं आत राहतंच.

आमच्या शाळेचं आत सांगतो. मुलींच्या संडासाला कुलूप. पाहुणे, साहेब येतात तेव्हा उघडतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. मोठ्या पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत, नाहीतर शेजारच्या उसात जातात. वर्गात छडी आहे. ती कायद्यानं बंद आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे, मारू नका आणि मनाला लागेल असं बोलू नका. छडी मारणाऱ्यानं ते कलम वाचलेलं आहे, कारण छडी कपाटामागं ठेवतो.

पाण्याचं बोलू? बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत १९०० साली गेले. शिपाई आला तर पाणी, नाही आला तर नाही. त्या शाळाप्रवेशाचा दिवस, ७ नोव्हेंबर, आपलं सरकार आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतं. चांगलं आहे. राजस्थानात जालोर जिल्ह्यातल्या सुराण्याला २०२२ साली तिसरीतल्या दलित पोराला मास्तरनं मारलं आणि १३ ऑगस्टला ते पोर दवाखान्यात मेलं. मास्तरच्या माठाला हात लावला म्हणून मारलं, असं घरच्यांनी सांगितलं. दोन दिवसांनी स्वातंत्र्याचा अमृत महोत्सव होता.

कायदे नाहीत असं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, वंचितांना त्यांच्या संख्येप्रमाणं जागा पाहिजे. आमच्या समितीत आमचे दोन पालक आहेत. बैठकीचं रजिस्टर त्यांच्या घरी येतं, अंगठा घेऊन जातं. पोक्सो २०१२ चा. त्यात ज्याला ज्याला कळलं त्याला त्याला पोलिसात कळवणं भाग आहे. लपवलं तर शिक्षा, संस्थेचा प्रमुख असला तर एक वर्षापर्यंत. त्यात पाळकाला सूट नाही, भंतेजींना नाही, फादर-सिस्टरना नाही, मंडळाच्या अध्यक्षाला नाही. मोरीवर घडलं ते पोक्सोत बसतं. कळलं किती जणांना होतं? मोजू नका, मी पण त्यात येतो. तीन बैठका मी पण चहा प्यायलो.

आणि कायद्यानंच भावाभावांत पाचर मारलीय ती पण बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जात कुणाची? हिंदूंची. १९५६ ला शिखांना घेतलं, १९९० ला आम्हाला, बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच. म्हणजे मोरीवरच्या त्याच पोरानं त्याच हातानं माझ्या पोरीची ओढणी ओढली तर ॲट्रॉसिटी. भावाच्या पोरीची ओढली तर ॲट्रॉसिटी नाही. ओढणाऱ्याला आमची जात एकच दिसली होती. तो बायबल आणि धम्मपद तपासायला थांबला नव्हता. आमच्या अध्यक्षाला हे सांगितलं तर म्हणतो, "त्यांना घेतलं तर आपला वाटा कमी होईल." बाबा रे, मार खायचा वाटा तर कमी झाला नाही ना?

चर्च आलं की शाळा सुरक्षित झाली असंही मी म्हणत नाही. कॅनडात मूळनिवासींची दीड लाखाच्या आसपास पोरं आईबापांपासून तोडून सरकारच्या पैशावर चर्चनं चालवलेल्या निवासी शाळांत कोंडली. मार, उपासमार, लैंगिक छळ. हजारो पोरं घरी परतलीच नाहीत. २०१५ ला आयोगानं सगळं लिहून ठेवलं. त्या भिंती उंच होत्या आणि किल्ल्या पाद्र्यांकडं होत्या. आपल्या बाजूचं झाकू नये म्हणून सांगतो, बोधगयेत २०१८ साली लहान श्रामणेर पोरांच्या छळाच्या आरोपावरून भिक्खूला अटक झाली. झगा असो, चीवर असो, एकट्या माणसाच्या हातात पोरं आणि किल्ली देऊ नये. दोन बाजूंची माणसं पाहिजेत ती एवढ्यासाठी पण. देवळाची बाई विहाराच्या माणसावर नजर ठेवील, विहाराची बाई पाळकावर. प्रेमापेक्षा मला हे पक्कं वाटतं.

बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या आसपासच्या दोन चिमण्या, शाळेतच, शाळेच्या सफाई कामगाराकडून. आईबापांना पोलीस ठाण्यात ताटकळत ठेवलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर बसले, गाड्या थांबल्या, तेव्हा मंत्रालय जागं झालं. दुसऱ्या दिवशी शासन निर्णय निघाला, कॅमेरे बसवा. चार वर्षांच्या पोरीबरोबर संडासापर्यंत जायला एक बाई नेमा, हे सुचायला आधी रूळ अडवावे लागतात, आणि ती बाई नेमायची वेळ आली की पैसे नसतात.

पैशाचं पण सांगतो. शिकागोत २००९ साली शाळेतनं घरी जाणारा सोळा वर्षांचा काळा मुलगा मारामारीत मेला. त्यानंतर तिथल्या शाळाखात्यानं शाळेच्या वाटांवर माणसं उभी करायला सुरुवात केली. माणसं वस्तीतलीच, वस्तीतल्या संस्थांनी दिलेली, त्यात चर्चची पण. अंगात भडक रंगाचं जाकीट, आणि उभं राहण्याची मजुरी. आमच्या चार म्हाताऱ्यांनी तीन महिने फुकट उभं राहून दाखवलं. त्यातल्या एकीची खुरपणी गेली. देवळात दशमांश गोळा होतो. विहारात जयंतीची वर्गणी होते, डीजेला किती दिले ते मला माहीत आहे. त्यातनं या चौघींना रोजाचे पैसे द्या. उपकार म्हणून नाही, रोज म्हणून. यादी करा, कोणत्या वारी कोण, आणि ऊसतोडीवाल्यांच्या पोरींना निरोप कुणी पायी जाऊन सांगायचा, ते यादीत पहिल्या ओळीत लिहा.

यादी अजून झाली नाही. फ्लेक्स मात्र झाले. सव्वीस जानेवारीला मोरीच्या अलीकडं एक, पलीकडं एक. अलीकडं मंडळाचा, 'मुलींच्या सुरक्षेसाठी स्तुत्य उपक्रम', वर अकरा पुरुषांचे फोटो. पलीकडं देवळाचा, त्यावर नऊ. चुलती आणि मावशी मधे बसलेल्या. मावशीनं विचारलं, "यात आपुन कुठं हाय?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "बरं झालं, सावली तर पडती."

आता संडासाच्या किल्लीचं. मागच्या सोमवारी आम्ही चौघं शाळेत गेलो. चुलती, मावशी, भाऊ आणि मी. म्हणणं एवढंच, किल्ली दोघींकडं द्या, रोज त्या उघडतील, धुतील, शाळा सुटली की लावतील. मुख्याध्यापक म्हणाले, "असं तोंडी चालत नाही. लेखी अर्ज द्या. दोन्ही समाजांच्या सह्या पाहिजेत, उद्या तक्रार नको." अर्ज मी तिथंच लिहिला. मंडळाच्या अध्यक्षानं मंगळवारी सही केली. कुरकुरला, पण केली. पाळकसाहेब म्हणाले, पंचांना विचारून रविवारी करतो.

आज गुरुवार आहे. कुलूप लावलेलं आहे.